उंदराचा सहामाही निकाल

लोक पहाटे टेकड्या चढून चरबी झडविण्यासाठी धापा टाकीत असताना प्रयोगशाळेत नवी चरबी पिकविण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न आमच्याकडील काही शहाण्यांना पडतो, आणि मग ते स्वतःच्याच विनोदावर खो खो हसतात. त्यांना हसू द्या. कर्करोगापायी स्तन गमावलेल्या आमच्या परिचयातील एक बाई पदराआड रुमालांची घडी ठेवून रोज वर्गावर जातात. त्यांच्यापुढे हा विनोद करून दाखवावा, एवढेच आमचे त्या शहाण्यांना आव्हान आहे. चरबी म्हणजे केवळ वाढलेले पोट नव्हे. तळपायाची गादी चरबीची, डोळ्याच्या खोबणीतली उशी चरबीची, गालाचा भरीवपणाही तिचाच. भाजलेल्या चेहऱ्यावरची खळगी नुसत्या कातडीने भरत नाही.

ही ओढ आजची नाही. १८९३ साली नॉयबर या जर्मन शल्यवैद्याने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरील खड्डा भरला. १८९५ साली चेर्नी याने एका बाईच्याच अंगावरची चरबीची गाठ तिच्या स्तनाच्या पोकळीत बसविली. पण १९५० साली पीअर याने मोजदाद केली तेव्हा दिसले की, अशी उपटून लावलेली चरबी वर्षभरात निम्म्याच्या आसपास नाहीशी होते. कारण उघड आहे. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पलीकडे प्राणवायू धड पोहोचत नाही; तिकडच्या पेशी गुदमरून मरतात.

म्हणून चरबी उपटून लावण्याऐवजी जागेवरच उगवावी, ही कल्पना निघाली. १९९८ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या कातडीखाली एक जेल आणि वाढीस चालना देणारे एक प्रथिन टोचले. बाहेरची एकही पेशी घातली नव्हती. तरी तीनेक आठवड्यांत तेथे चरबीची गादी तयार झाली! प्रयोग खरोखर देखणा. मात्र ते जेल उंदराच्याच कर्कगाठीपासून काढलेले. ज्या बाईने कर्करोगापायी अवयव गमावला, तिच्या अंगात ते कोण टोचणार?

आमचे भांडण संशोधकांशी नाही. ते आहे 'उंदरांवर प्रयोग यशस्वी' एवढ्या तीन शब्दांवर बाजार मांडणाऱ्यांशी. टेक्सासमधील चार्ल्स पॅट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पदार्थाचा सच्छिद्र सांगाडा करून त्यात चरबीच्या बालपेशी पेरल्या आणि तो घुशीएवढ्या मोठ्या उंदरांत बसविला. दोन महिन्यांपर्यंत चरबी वाढली. मग ओसरू लागली. बाराव्या महिन्यात तेथे काहीही उरले नव्हते. हे त्यांनी २००२ साली स्वतःच छापले. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा निकाल; पण त्याची बातमी कोण देणार? आम्ही शाळामास्तर. सहामाहीचे गुण सांगून कोणाला वरच्या वर्गात ढकलण्याची आम्हांला मुभा नाही. ती वृत्तपत्रांना कोणी दिली?

त्यात आणखी एक मखलाशी आहे. मानवी पेशी घालावयाच्या तर उंदीर असा निवडतात की, त्याच्या शरीरात परक्याला हुसकून लावणारे शिपाईच धड नसतात. तो प्रयोगासाठी आवश्यकच असतो. पण बातमीत त्याचा उल्लेख शोधून सापडत नाही. शिवाय उंदराच्या पाठीवरील वाटाण्याएवढा गोळा आणि बाईच्या छातीवरील ओंजळभर मांस यांत रक्तपुरवठ्याचा केवढा फरक!

हे अंतर कापावयास मेलबर्नचे वेन मॉरिसन आणि त्यांचे सहकारी निघाले. रक्तवाहिनी शाबूत ठेवलेला चरबीचा लहान तुकडा पोकळ कवचात ठेवावयाचा आणि त्याला पसरण्यास जागा द्यावयाची. डुकरांत हे जमले; तो वृत्तांत २०११ साली आला. पुढे पाच स्त्रियांवर प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१६ चा. त्यांतील एकीच्या कवचात सुमारे २१० मिलिलिटर मेद भरला. इतर चौघींत तसे झाले नाही. डुकरात साधलेली गोष्ट बाईत साधेलच असे नाही, हे त्या पाचजणींनी स्वतःच्या अंगावर वार झेलून दाखवून दिले.

अशी कात्रणे कापून इस्पितळाच्या फायलीत जपून ठेवणाऱ्या बाया आहेत. तेव्हा संपादक महाशय, पुढची बातमी छापताना प्राणी कोणता, गोळा केवढा आणि तो कितव्या महिन्यात तपासला, एवढ्या तीन ओळी तरी छापा. जागा कमी पडत असेल तर शेजारचे राशिभविष्य आखडते घ्या.