डॅशबोर्डातलं भोक

"हे भोक आधी बुजवून टाकू साहेब. कंपनीतून निघाली तशी करून देतो."

आमच्या १९८६च्या प्रीमियर पद्मिनीचा डॅशबोर्ड पाहिल्यावर गॅरेजवाल्याचं हे पहिलं वाक्य. लगेच दुसरं : "मग तिथे जुन्या स्टाइलचा रेडिओ बसवू. दिसायला साठ सालचा, आतून ब्लूटूथ."

कंपनीतून निघाली तशी गाडी आणि आतून ब्लूटूथ. ही दोन वाक्यं त्याने एका दमात म्हटली आणि त्याला त्यात काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही खटकलं नाही. मी मान डोलावली. आज मला त्या मान डोलावण्याबद्दल भांडायचं आहे; स्वतःशी, आणि जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांशी.

आधी भोकाबद्दल. ही गाडी आजोबांनी घेतली, तेव्हा तिच्यात रेडिओ नव्हता. १९९४ साली बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून कॅसेट प्लेअर आणला आणि आजोबांना न विचारता डॅशबोर्ड कापून घेतला. साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचा चौकोन. गाड्यांच्या ऑडिओचं ते ठरलेलं जर्मन माप, ज्याला आपण आजही 'सिंगल डिन' म्हणतो. कापणाऱ्याचा हात हलला असावा, कारण उजवी कड तिरकी गेली आहे. आजोबा आठ दिवस बाबांशी बोलले नव्हते म्हणे. नव्या पोरीच्या नाकाला भोक पाडतात तसं माझ्या गाडीला पाडलंस, असं काहीतरी त्यांचं म्हणणं होतं.

तर हे भोक म्हणजे आमच्या घरातलं एक भांडण आहे. आणि मी ते पैसे मोजून बुजवायला निघालो होतो.

जुन्या गाडीला 'काळाला साजेसा' रेडिओ शोधायचा म्हटलं की आपण सगळे इंटरनेटवर जातो, आणि तिथे जे ज्ञान मिळतं ते बहुतेक अमेरिकेचं किंवा जर्मनीचं असतं. तिथे या प्रश्नाला उत्तर आहे. १९६५ची फोर्ड मस्टँग घेताना एएम रेडिओ हवा की नको, हे गिऱ्हाईक ऑर्डर देतानाच सांगायचं. मर्सिडीजवाल्याकडे बेकर होता, फोक्सवॅगनवाल्याकडे ब्लाउपुंक्ट. कॅटलॉग आहेत, पार्ट नंबर आहेत. आणि ज्यांनी रेडिओ घेतला नव्हता, त्यांच्या डॅशबोर्डवर कोरी पट्टी यायची. तिथले कट्टर लोक ही कोरी पट्टीसुद्धा नव्याने बनवलेली विकत घेतात. मला सुरुवातीला हसू आलं होतं. आता वाटतं, त्या सगळ्या बाजारात सर्वांत प्रामाणिक वस्तू तीच आहे.

कारण आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांचं खरं रूप ती कोरी जागाच होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट किंवा पद्मिनी मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. गाडी मिळाली हेच पुष्कळ. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागायचा. त्याचं पुस्तक असायचं आणि पोस्टात जाऊन फी भरावी लागायची. अशा देशात गाडीतला रेडिओ ही ज्याची त्याची ऐपत होती. म्हणून आज प्रत्येक पद्मिनीत क्रोमचा चकचकीत रेडिओ बसवून 'तो काळ' उभा करणं म्हणजे मध्यमवर्गाच्या गाडीला श्रीमंताचं लग्नातलं जाकीट चढवणं आहे. फोटो छान येतो. माणूस दुसराच दिसतो.

हे शहाणपण मला आधी सुचलं नाही. ब्लूटूथवाल्या नकली रेडिओला नाही म्हटल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार फिरून एक खरा, साठच्या दशकातला रेडिओ मिळवला. दोन बाजूंना दोन नॉब, मधे काचेवर आकडे, खाली पाच बटणं. ती बटणं कशी चालतात हे कळल्यावर मी खरंच खूश झालो : स्टेशन लावायचं, बटण बाहेर ओढायचं, आत दाबायचं. झालं 'सेव्ह'. ना मेमरी, ना चिप. आतल्या पट्ट्या त्या जागी अडकतात आणि पुढच्या वेळी ट्यूनर तिथेच ढकलतात. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला हे पाहून भरून येतं. नऊ हजार रुपये दिले.

घरी आणून टेबलावर ठेवला. बाबांनी उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "छान आहे. पण हा आपल्या गाडीत कधी होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेडिओ अस्सल होता, पण गाडीच्या जन्माआधीचा, आणि आमच्या घराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. गॅरेजवाल्याचा रेडिओ दिसण्यात खोटं बोलत होता. माझा रेडिओ अस्सलपणाच्या नावाखाली तेच करत होता. त्याचं खोटं निदान स्वस्त होतं.

माझा मुद्दा एवढाच आहे : गाडीचा 'काळ' म्हणजे तिच्या जन्मतारखेचा दिवस नव्हे. गाडी ज्या वर्षांत चालली, ती सगळी वर्षं तिचा काळ. आमच्या पद्मिनीच्या काळात १९८६ची कोरी जागा येते आणि १९९४चं तिरकं भोकही येतं. आमच्या धंद्यात जुना कोड बदलायला बंदी नसते. पण कुणी, कधी, का बदल केला याची नोंद पुसणाऱ्याला आम्ही शिव्या घालतो. 'कंपनीतून निघाली तशी' करणं म्हणजे मधल्या सगळ्या नोंदी पुसून पहिल्या दिवसावर जाणं. त्यात पुसली जातात ती माणसं.

आणि बाबांनी ते भोक चैनीसाठी पाडलं नव्हतं. लग्नानंतर आईला घेऊन महाबळेश्वरला जायचं होतं. पुण्यात खिशातल्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ खणखणीत लागायचं. पण गाडीच्या पत्र्याच्या डब्यात, प्लगच्या ठिणग्यांच्या शेजारी, त्याच ट्रान्झिस्टरची नुसती खरखर व्हायची. मीडियम वेव्हला ठिणगीचं भारी वावडं. म्हणूनच गाडीच्या रेडिओला बाहेर एरियल आणि इग्निशनला कपॅसिटर लावावा लागतो. कॅसेटला यातलं काहीच लागत नाही. डोंगर आडवा आला तरी ती वाजते. आई अजून सांगते, पसरणी घाट सुरू होताना लावलेली 'ए' बाजू पाचगणी यायच्या आत संपली आणि उलटवताना बाबांनी कॅसेट खाली पाडली. गॅरेजवाला हे बुजवणार होता, वर पुट्टी आणि रंग मारून.

आता समोरच्या बाजूचं. लोक म्हणतात, गाडी वापरायची आहे, देव्हाऱ्यात ठेवायची नाही. मान्य. मीडियम वेव्हवर आता ऐकायला उरलंय काय? आकाशवाणीचे जुने ट्रान्समीटर एकेक करून बंद होत आहेत, हेही मान्य. मग ब्लूटूथ घ्याच. छोटा अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली ठेवा, फोन जोडा, हवं ते ऐका. माझी अट इतकीच, की नव्याने नवं दिसावं किंवा दिसूच नये. जुन्याचा मुखवटा घालून डॅशबोर्डवर बसू नये. आणि उद्या काढला तर गाडीवर नवा ओरखडा राहू नये.

दुसरे म्हणतात, मग शो-रॅलीत गुण जातील. जाऊ देत. २०२१च्या केंद्र सरकारच्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे. तिथे चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत असं म्हटलंय. म्हणजे सरकारला गाडीचा सांगाडा मूळचा हवा आहे. रेडिओवरून जीव काढणारे आपणच. आमची गाडी तशीही २०३६ पर्यंत त्या यादीत बसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे : वाईट काम जपायचं कशाला? प्रत्येक तिरकी कड म्हणजे इतिहास नसते. बरोबर. गंज इतिहास नाही, जळकी वायर तर मुळीच नाही. आमच्या प्लेअरची जुनी वायरिंग फ्यूजशिवाय जोडलेली होती. ती मी उपटून फेकली, क्षणभरही हळहळलो नाही. पण काढण्याआधी एकदा विचारा, हे कुणी केलं आणि का. उत्तर देणारं माणूस घरात असेल तर त्याला विचारा. मी नऊ हजार घालवल्यावर विचारलं.

तो १९९४चा प्लेअर माळ्यावर सापडला. आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालं होतं. बोटाला चिकटलं की दोन दिवस निघत नाही. तपकीर गल्लीत मापाचा बेल्ट मिळाला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली साफ केल्या, कडक झालेला रोलर बदलला, सुकलेले चार कपॅसिटर बदलले. सगळं मिळून हजाराच्या आत. साठ सालचा रेडिओ माझ्या टेबलावर आहे. ज्याच्या गाडीत तो शोभेल असा माणूस भेटला, तर देऊन टाकीन.

गॅरेजवाला शेवटपर्यंत म्हणत होता, निदान ती कड तरी सरळ करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "राहू दे. त्या कडेवरूनच तर अण्णा बोलायचे बंद झाले होते."