तपासणी दोघांचीही

लग्नाला चार वर्षे लोटली की घरात सुनेच्या तपासण्या सुरू होतात. मुलाची वीर्यतपासणी मात्र, ती अधिक सोपी व कमी खर्चाची असूनही, संकोचापोटी राहून जाते. वस्तुतः सुमारे निम्म्या अपत्यहीन दांपत्यांत पुरुषाकडील कारणही असते.

जननमार्गातील जंतुसंसर्ग हे त्यांपैकी एक. क्लॅमिडिया, गोनोरिया किंवा मूत्रमार्गातील ई. कोलाय यांचे जंतू प्रोस्टेट व अधिवृषणापर्यंत पोहोचतात. पुष्कळदा ना वेदना, ना जळजळ. त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींतून निघणारे ऑक्सिडीकारक रेणू शुक्राणूंचे आवरण व डीएनए दुखावतात. त्यांची गती मंदावते. सूज जुनी झाल्यास नलिका बंद होते, आणि ती औषधाने उघडत नाही. विलंब महाग पडतो तो येथे.

एका मिलिलिटर वीर्यात १० लाखांहून अधिक पांढऱ्या पेशी आढळल्यास जंतूंचा शोध घेतला जातो. (प्रत्येक वेळी जंतू सापडतातच असे नाही.) प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत; संसर्ग लैंगिक असल्यास पत्नीचेही उपचार त्याच वेळी व्हावेत. शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून उपचाराचा खरा परिणाम तीन महिन्यांनंतरच्या फेरतपासणीत दिसतो.