'पोरगंच ते!'

गोष्ट अमेरिकेतली, पण ओळखीची वाटेल बघा. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू जेमिस विन्स्टन २०१४ मध्ये दुकानातून सुमारे ३२ डॉलरचे खेकडे पैसे न देताच घेऊन गेला. २० तासांच्या समाजसेवेवर सुटला. चाहते हसले, म्हणाले, 'पोरगंच ते!' चला, मीही हसले असते. पण त्याच्याविरुद्ध २०१२ मध्ये एका विद्यार्थिनीने बलात्काराची तक्रार दिली होती. त्याने आरोप नाकारला, खटलाही उभा राहिला नाही. पण चाहत्यांनी नावं ठेवली ती तिलाच, आणि विद्यापीठ सोडावं लागलं तेही तिलाच. २०१६ मध्ये विद्यापीठाने दोष मान्य न करता साडेनऊ लाख डॉलर देऊन तिचा दावा मिटवला. खेकड्यांना 'पोरगंच ते' म्हणणारी जीभच तिच्या वेळी 'हिचंच काहीतरी असेल' म्हणाली ना?