हॉल नेमका कुणासाठी?

परवा संध्याकाळी आमच्या विद्यापीठाच्या सभागृहात गाणं ऐकायला गेलो होतो. (नाव लिहीत नाही, इथल्या लोकांना कळेलच.) गायिका चांगल्या तयारीची. विलंबित ख्याल झाला तोवर ठीक होतं. द्रुत सुरू झाली आणि तबल्याचा नुसता गोळा व्हायला लागला. ताना एकमेकींत मिसळून जायच्या. बाईंनी मध्येच साउंडवाल्याला खूण केली, रिव्हर्ब काढा म्हणून. त्या पोरानं दोन्ही हात वर करून दाखवले. त्यानं रिव्हर्ब लावलाच नव्हता. तो आवाज हॉलचा होता!

खाली गुळगुळीत टाइल्स, दोन्ही बाजूंना काच, मागं सपाट भिंत, वर पीओपी. पडदे फक्त स्टेजला. आवाज जाणार कुठं? कबूल करतो, उद्घाटनाच्या वेळी याच हॉलची वारेमाप स्तुती करणारी पोस्ट मीच लिहिली होती. तेव्हा झुंबरं बघितली, कान लावले नव्हते.

असला घोळ मोठ्या मोठ्यांनीही घातलाय. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं फॉग संग्रहालयात व्याख्यानांसाठी एक दालन बांधलं आणि तिथं बोललेलंच कळेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर वक्ता पुढचं वाक्य बोलून मोकळा. अध्यक्षांनी ते काम वॉलेस सॅबिन नावाच्या भौतिकशास्त्राच्या तरुण शिक्षकाकडे दिलं. त्याच विद्यापीठाचं सँडर्स थिएटर होतं, जिथं व्याख्यानंही चालायची आणि मैफलीही. सॅबिन रात्री तिथल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून या दालनात आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज किती वेळात विरतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायचा. अशा रात्री कितीतरी काढल्या त्यानं. त्यातून खोलीचं आकारमान, आत आवाज शोषणाऱ्या वस्तू किती आणि आवाज किती घुमेल, यांचं गणित निघालं. त्याच गणितावर १९०० साली बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. आजही जगातल्या उत्तम संगीत सभागृहांत त्याचं नाव घेतात.

सांगायचं काय, तर जाड पडदे, गाद्यांच्या खुर्च्या, मागच्या भिंतीला आवाज शोषणारे पॅनेल, एवढ्यानं बराच फरक पडतो. भाषणाला घुमणारा आवाज कमी लागतो, गाण्याला थोडा जास्त. सरकते पडदे असले की एकच हॉल दोन्हीला चालतो. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाचा खरा अर्थ हा. आमच्याकडं त्याचा अर्थ ‘कुणालाही भाड्यानं मिळेल’ असा झालाय. आता म्हणे मोठी एलईडी वॉल बसवणार आहेत. बसवा, पण आधी पडदे लावा ना!

आवाजाचं एकवेळ जाऊ दे, मला जास्त लागलं ते दुसरंच. मध्यंतरात चहाला बाहेर आलो, तर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली पोरंपोरी एकांकिकेची तालीम करत होती. युवा महोत्सवाची. एकीनं मोबाइलचा टॉर्च धरलेला, बाकीचे त्या उजेडात संवाद म्हणत होते. मी विचारलं, आत हॉलमध्ये का नाही करत? एक जण म्हणाला, “काका, आम्ही आत जाणार ते डिग्री घ्यायलाच.” हसून म्हणाला, पण मला काही हसू आलं नाही. आदल्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये साड्यांचा सेल होता, त्याच्या आधी कुठल्याशा पुढाऱ्याचा सत्कार.

भाड्यानं देऊच नका असं मी म्हणत नाही. वीज, एसी, झाडलोट, खर्च आहेच, आणि गावात दुसरा एवढा हॉल नाही. पण मुंबईला फोर्टमध्ये विद्यापीठाचं सर कावसजी जहांगीर सभागृह आहे, १८७४ मध्ये पूर्ण झालेलं. कावसजींनी त्यासाठी एक लाख रुपये दिले, ते विद्यापीठाला दीक्षान्त सभागृह हवं म्हणून. आमच्या हॉलचे पैसे तर तुमच्याआमच्या करातून आणि पोरांच्या फीमधून आलेत. मग वर्षातले साठ दिवस तरी आधी विद्यार्थ्यांच्या नावावर टाका आणि उरलेल्या तारखा विका. तालमीला डिपॉझिट नको आणि ‘साहेबांची सही आणा’ नको. रात्री नऊपर्यंत एक शिपाई आणि चार दिवे, बास.

अधिसभेतले तीन-चार सदस्य माझी पोस्ट वाचतात, लाइकही करतात. त्यांना हात जोडून सांगतो, पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात हा हॉल किती दिवस भाड्यानं गेला आणि किती दिवस विद्यार्थ्यांना मिळाला? उत्तर लेखी घ्या. मी ते इथं जसंच्या तसं टाकीन.