संडास तुंबतो, दोष मात्र अंगणाखाली

पावसाची झड लागली की नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या मौद्यात एक तक्रार घरोघरी ऐकू येते: संडास तुंबला. आमच्याकडेही दर पावसाळ्यात हेच चालायचं. पाणी ओतलं की ते भांड्यात वर चढायचं आणि बऱ्याच वेळाने गुडगुड करत खाली जायचं. ॲसिडची बाटली आणली की चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. शेवटी एका जाणत्या मिस्त्रींनी भांड्याला हातही न लावता अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं. चेंबर काठोकाठ भरलेलं होतं. ते म्हणाले, "भांड्यात काही अडकलं नाही जी. खाली पाण्याले जायाले जागाच नाही."

ही पारख कोणालाही करता येते. एकच भांडं तुंबलं आणि बाकी सगळं वाहतं आहे, तर कचरा त्या भांड्याच्या ट्रॅपमध्ये आहे. तो काढला की काम झालं. पण बाथरूमची मोरीही गुडगुडते आहे आणि चेंबरही भरलं आहे, तर दोष पुढच्या पाइपात, सेप्टिक टाकीत किंवा शोषखड्ड्यात आहे. तिथे वरून कितीही खटपट करा, उपयोग नाही.

सेप्टिक टँकमध्ये जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. ॲसिड ओतलं की आपण त्यांनाच मारतो. जिवाणूंनी काम नीट केलं तरीही काही गाळ उरतोच. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. ती उपसली नाही तर गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात उतरतो आणि मातीची छिद्रं बुजवतो.

त्यात आपली काळी माती. पावसात ती फुगते आणि पाणी जिरू देत नाही. धानाच्या बांधीत हाच गुण आपल्याला हवा असतो. अंगणात मात्र तोच घात करतो. अशा जमिनीत शोषखड्डा मोठा हवा आणि त्याच्याभोवती बाहेरून फूटभर जाडीचा वाळू-गिट्टीचा थर हवा. घर बांधताना हा खर्च टाळला तर पुढे प्रत्येक पावसाळ्यात तो वसूल होतो.

टाकी भरली की पुष्कळ घरांत अजूनही माणूस शोधला जातो. कृपा करून हे करू नका. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असतात. झाकण उघडून लगेच उतरणारा माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हा कायदा घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. पण आपला संडास मोकळा व्हावा म्हणून कोणाच्या घरातला कर्ता माणूस जावा, याची भरपाई कोणत्याच रकमेने होत नाही. मैला उपसणारी गाडी बोलवा. तिचा पाइप टाकीत जातो, माणूस बाहेरच राहतो.

खरं तर टाकी भरून वाहेपर्यंत थांबायची वेळच येऊ नये. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर ही दोन लहान शहरं. तिथल्या नगरपरिषदांनी 2018च्या सुमारास प्रत्येक घराची टाकी दर तीन वर्षांनी ठरल्या वेळी उपसायची पद्धत सुरू केली. खर्च करातून भागतो, गाडी ठरलेल्या वस्तीत येते आणि उपसलेला मैला नाल्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. हे मौद्यातही व्हायला हवं. इथे कन्हान नदी गावाला लागून वाहते. टाक्यांतला मैला रात्री कुठेतरी रिता झाला, तर तो कधी ना कधी तिच्याच पाण्यात उतरणार. नगरपंचायतीकडे रस्ता आणि दिवे मागतो तितक्याच आवाजात आपण हे वेळापत्रकही मागितलं पाहिजे.

तोवर निदान आपल्या घरापुरतं एवढं करा. टाकी उपसल्याची तारीख घरपट्टीच्या पावतीबरोबर लिहून ठेवा. आणि अंगणात फरशी बसवताना टाकीचं झाकण खाली गाडू नका, गाडीचा पाइप तिथपर्यंत पोहोचेल असं उघडं ठेवा.