काकांच्या दोन गोळ्या

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी बडोद्याजवळ नंदेसरीला काकांकडे गेलो होतो. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात ते नोकरीला आहेत. पहिल्याच दिवशी पाहिले, त्यांच्या हातातला कप बशीवर खडखडत होता. जीभ जड, चालताना तोल जाई. काका प्यायला लागले, असा शेजाऱ्यांनी निष्कर्ष काढला. गुजरातेत दारूला बंदी आहे, संशयाला नाही! काकूंना मात्र वाटले, ‘ते जुने’ परत आले.

‘ते जुने’ म्हणजे बायपोलर विकार. कधी उन्माद, कधी खोल उदासीनता. काका आठ वर्षे लिथियमची गोळी घेतात आणि नेमाने कामावर जातात. त्या महिन्यात कारखान्याच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी गोळी मिळाली. “आणखी काही औषध चालू आहे का?” असे डॉक्टरांनी विचारले, पण मागे सहकाऱ्यांची रांग उभी होती. काका म्हणाले, “नाही.”

लिथियम हा मिठातल्या सोडियमचा भाऊबंद. शरीरातले मीठ घटले की मूत्रपिंड उरलेले धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. त्यात नंदेसरीचा घाम! अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही रक्तदाबाची संप्रेरके हाच मिठा-पाण्याचा हिशेब पाहतात. त्यांना आवर घालणाऱ्या काही गोळ्यांनीही रक्तातले लिथियम वाढते. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. काका चार दिवस इस्पितळात होते. गोळी बदलली, आता बरे आहेत.

परत आल्यावर मी वाचनालयात थोडे वाचले. (आम्हां कॉमर्सवाल्यांना विज्ञानाच्या कपाटाकडे पाहून ग्रंथपाल जरा हसले.) रक्तदाब आणि मन यांचा संबंध आपल्याच देशात फार पूर्वी दिसला होता. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा ही वनस्पती वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरचे औषध म्हणून मांडली. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. पुढे सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळे काढले गेले. ते मज्जातंतूंतला नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा रिकामा करते. रक्तदाब उतरतो, उन्माद शमतो, पण काही रुग्णांना उदासीनतेने घेरल्याच्याही नोंदी झाल्या.

औषधाला जी सीमा कळत नाही ती आपण का आखली आहे? रक्तदाबाची गोळी माणूस चारचौघांत पाण्याबरोबर घेतो. लिथियमची डबी पिठाच्या डब्यामागे असते. मराठीत ‘वेडा’, कन्नडमध्ये ‘हुच्च’, गुजरातीत ‘गांडो’; शिवी तिन्ही भाषांत तयार. मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकीच समान वागणूक द्यावी, असे 2017 चा कायदा सांगतो. पण रांगेत उभ्या माणसाला कायदा आठवत नाही, मागच्याचे कान आठवतात. काका खोटे बोलले हे खरे. माझ्या मते ते खोटे त्यांच्याकडून आपणच वदवले. तो प्रश्न दार लोटून विचारला असता, तर कदाचित उत्तर वेगळे आले असते.

आता दोन्ही गोळ्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी काकांच्या पाकिटात असते आणि ती ते प्रत्येक डॉक्टरला दाखवतात. हा लेख छापायला त्यांनी परवानगी दिली, ती नाव न घालण्याच्या अटीवर. कारखान्यातल्या सोबत्यांना त्यांनी अजून सांगितलेले नाही.