ठेल्यापासून टेस्कोपर्यंत



धंदा काढायचा म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो तो भांडवलाचा. भांडवल लागतेच, हे आम्हांसही मान्य आहे. पण थोड्या भांडवलावर माणूस कुठवर जातो आणि मोठा झाल्यावर कुठे घसरतो, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर ब्रिटनमधील टेस्को या दुकानांच्या साखळीचा इतिहास वाचावा.

तिचे संस्थापक जॅक कोहेन यांचा जन्म १८९८ सालचा, पूर्व लंडनमधला. हा भाग म्हणजे गोदी कामगार, शिंपी आणि परदेशातून आलेल्या गरिबांची दाट वस्ती. वडील पोलंडहून आलेले ज्यू, धंद्याने शिंपी. मुलगाही त्यांच्या हाताखाली शिवणकाम शिकला. पहिल्या महायुद्धात तो हवाई दलात भरती झाला. तेथून सुटताना हाती तीस पौंड मिळाले. त्या पैशांतून त्याने सैन्यासाठी ठेवलेला आणि युद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेला खाण्याचा माल घेतला व १९१९ मध्ये हॅकनीच्या बाजारात ठेला मांडला. पहिल्या दिवशी विक्री झाली चार पौंडांची आणि त्यात नफा एक पौंड.

पुढे एका ठेल्याचे अनेक ठेले झाले. १९२४ मध्ये कोहेन यांनी चहाचा मोठा साठा घेतला. माल देणाऱ्या टी. ई. स्टॉकवेल यांच्या नावाची आद्याक्षरे आणि कोहेन यांच्या नावातील पहिली दोन अक्षरे जोडून त्या चहाला नाव दिले टेस्को. म्हणजे आज ज्या नावाच्या पाट्या हजारो दुकानांवर आहेत, ते मुळात चहाच्या पुड्याचे नाव! १९३० च्या आसपास या नावाचे पक्के दुकान उघडले आणि दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत शंभरांवर दुकाने झाली.

कोहेन यांची रीत साधी होती. मालाचा ढीग मोठा लावायचा, भाव कमी ठेवायचा. एका नगावर थोडे सुटले तरी चालेल, पण नग भराभर खपले पाहिजेत. बसून राहून धंदा होत नाही, अशा अर्थाची अक्षरे कोरलेली टायपिन ते लोकांना वाटत असत.

१९४७ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. पुढच्याच वर्षी सेंट ऑल्बन्स येथे नव्या पद्धतीचे दुकान निघाले. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरचा माल उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण गल्ल्यामागच्या माणसाकडे वस्तू मागायची, तो देईल ती घ्यायची, यात गरीब बाईला संकोच असे. आता ती वस्तू हातात घेऊन पाहू शकत होती, किंमत वाचून परत ठेवू शकत होती. दुकानदाराचाही फायदा होता, कारण नोकर कमी लागत. १९५६ मध्ये मॉल्डन येथे जुन्या सिनेमागृहात टेस्कोचे पहिले सुपरमार्केट सुरू झाले.

पण स्वस्त विकण्यात एक मोठी अडचण होती. त्या काळी अनेक वस्तूंची किरकोळ किंमत कारखानदार ठरवत. दुकानदाराने त्याहून कमी भाव लावला तर त्याचा माल बंद होई. कोहेन यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि पळवाटही शोधली. १९६३ पासून टेस्कोने खरेदीवर ग्रीन शील्ड नावाची तिकिटे द्यायला सुरुवात केली. बायका ती वहीत चिकटवत आणि भरलेल्या वह्या देऊन घरची एखादी वस्तू आणत. भाव तोच, पण पदरात काहीतरी जादा. १९६४ च्या कायद्याने कारखानदारांची ती मक्तेदारी बहुतांशी मोडली. १९६९ मध्ये कोहेन यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९७९ मध्ये ते वारले. त्याआधीच, १९७७ मध्ये, कंपनीने तिकिटे बंद करून थेट भाव उतरवले होते. गिऱ्हाइकांची रीघ लागली. तिकिटांपेक्षा लोकांना रोकड बचत हवी होती.

१९९५ मध्ये टेस्कोने क्लबकार्ड काढले. खरेदीच्या प्रमाणात थोडी रक्कम परत मिळे. मात्र त्या बदल्यात कोण काय, किती, कधी घेते ही सगळी माहिती कंपनीकडे जमा होऊ लागली. त्याच वर्षी टेस्कोने सेन्सबरीला मागे टाकून ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक घेतला. अलीकडे तर तेथे अनेक वस्तूंवर दोन भाव दिसतात, एक कार्डवाल्यांचा आणि एक बाकीच्यांचा. आमच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. दुकानात आपला फोन नंबर सांगून सवलत घेतो तेव्हा आपणही काहीतरी देतच असतो.

१९९७ मध्ये प्रमुख झालेले टेरी लेही हे लिव्हरपूलच्या कामगार वस्तीत वाढलेले. शिकत असताना त्यांनी दुकानात फळ्यांवर माल लावण्याचे काम केले होते. त्यांच्या काळात कंपनी देशोदेशी पसरली. परंतु २००७ मध्ये अमेरिकेत काढलेली दुकाने चालली नाहीत आणि २०१३ मध्ये तेथून पाय मागे घ्यावा लागला. घरी आल्डी आणि लिडल या जर्मन दुकानांनी कोहेन यांचीच जुनी रीत चालवून गिऱ्हाईक ओढले. २०१४ मध्ये तर कंपनीनेच जाहीर केले की नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून सांगितला गेला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तशी भागधारकांची गत झाली. पुढच्या वर्षी ६४० कोटी पौंडांचा तोटा दिसला. माल पुरवणाऱ्यांचे पैसे मुद्दाम अडकवून ठेवल्याचा ठपकाही २०१६ मध्ये सरकारने नेमलेल्या लवादाने ठेवला. ज्या घराण्याने कारखानदारांची दादागिरी मोडली, तेच लहान पुरवठादारांवर दादागिरी करू लागले!

आणि कामगारांचे काय? २०१८ पासून दुकानांत काम करणाऱ्या हजारो जणांनी, बहुतेक स्त्रियांनी, समान वेतनाचे दावे लावले. त्यांचे म्हणणे असे की गोदामात बहुतेक पुरुष आहेत, त्यांना तासाला जास्त मिळते, आमचे काम त्याच मोलाचे आहे. २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशी तुलना करता येते हे मान्य केले. ती दाद लागली म्हणून लगेच हाती पैसे पडत नाहीत, पण दार उघडले. गोदामातील कामगारांची गोष्ट वेगळी. त्यांना कायम मिळेल असे सांगून जादा वेतन दिले होते, ते काढून घेण्यासाठी नोकरीवरून कमी करून नव्या अटींवर पुन्हा घेण्याचा घाट कंपनीने घातला. उस्डॉ ही त्यांची कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला. दिलेला शब्द पाळावा लागेल, हा त्याचा अर्थ.

टेस्को आपल्यापासून लांब नाही. २०१४ मध्ये तिने टाटांच्या ट्रेंट कंपनीशी निम्म्या भागीदारीचा करार केला. मुंबई-पुण्यातील स्टार बझार त्याच भागीदारीतले. आपल्या मुलामुलींपैकी कोणी अशा मोठ्या दुकानांत फळ्या लावत असेल, कोणी गल्ल्यावर बसत असेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. धंदा काढणाऱ्या तरुणाने कोहेन यांच्या ठेल्याकडे पाहावे. कमी नफा, जास्त खप आणि चोख हिशेब हे भांडवल तीस पौंडांपेक्षा मोठे होते. आणि नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी दाव्याला उभ्या राहिलेल्या त्या स्त्रियांकडे पाहावे. नेमणुकीचे पत्र नीट वाचावे, पगाराची पावती जपून ठेवावी, संघटनेचे सभासद व्हावे. दुकान कितीही मोठे झाले तरी ते चालते फळीवर माल लावणाऱ्या हातांवर.